गढूळ म्हणून बाजूला ठेवलेली बाटली: बिनअल्कोहोलच्या जर्मन बिअरची पारख

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं बोलणं कशावर आहे ते स्पष्ट राहील. लातूरला तुमचं फॅमिली हॉटेल आहे. दारूचा परवाना नाही आणि घ्यायचाही नाही. पण पुण्या-हैदराबादेत नोकरीला असलेली मुलं सुट्टीत घरच्यांना घेऊन जेवायला येतात आणि बिनअल्कोहोलची बिअर आहे का, असं विचारतात. म्हणून तुम्ही डिस्ट्रिब्युटरकडून तीन नमुने मागवले. तिन्हींवर ‘जर्मन पद्धतीची’ असं लिहिलेलं. पहिली हिरव्या बाटलीतली पिल्सनर, म्हणजे फिकट सोनेरी, नितळ, कडसर बिअर. तिला शिजवलेल्या धान्याचा गोड वास, आणि ती घरात सगळ्यांना आवडली. दुसरी तपकिरी बाटलीतली, तीही पिल्सनर. ती पाणचट आणि शिळी लागली, तारीख मात्र अजून चार महिने पुढची. तिसरी गव्हाची; ती गढूळ, तळाला साका, वास पिकल्या केळ्याचा. ती खराब झाली असं समजून तुम्ही बाजूला ठेवलीत. आता यातली हॉटेलात ठेवण्यासारखी कोणती आणि ते ठरवायचं कसं, हे तुम्हाला हवं आहे.

तिसरी टाकू नका. न चाखता सांगायचं झालं तर तिघींत तीच धड असण्याची शक्यता जास्त. पहिलीचा दोष ती बनवण्याच्या पद्धतीतून आलेला दिसतो. दुसरीचा बहुधा रस्त्यातून आणि गोडाऊनमधून. बिनअल्कोहोलची बिअर समोर आली की मी पहिल्यांदा हेच शोधते, की जे चुकलं ते कारखान्यात चुकलं, वाटेत चुकलं की आपल्या ग्लासात चुकलं. कारण कंपनी बदलून पहिला दोष जातो, डिस्ट्रिब्युटर बदलून दुसरा, आणि तिसऱ्यासाठी फक्त ग्लास नीट धुवावे लागतात. हे न ओळखता माणूस चांगला माल परत पाठवतो आणि वाईट ठेवून घेतो.

मी मूळची परभणीची. वाळूज एमआयडीसीतल्या एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत २४ वर्षं होते, त्यातली शेवटची ११ वर्षं चव पारखणाऱ्या पॅनेलची जबाबदारी माझ्याकडे होती. रोज सकाळी अकराला आम्ही सहा-सात जण बसायचो आणि आदल्या दिवशीच्या बॅचचे नमुने नाकाखालून आणि जिभेवरून घालायचो. त्या अनुभवावरूनच सांगते आहे.

साध्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण ५ टक्के असतं. ते काही फक्त नशेपुरतं नसतं. जिभेवरचा थोडा गोडवा, घशातली ऊब, तोंड भरल्यासारखं वाटणं, हे सगळं त्याच्यामुळे. शिवाय वासाचे कितीतरी घटक अल्कोहोल द्रवात धरून ठेवतं, एकदम उडू देत नाही. ते काढून घेतलं की दोष झाकायला काही उरत नाही. वरणाला फोडणी नसेल तर डाळ तळाला लागलेली पहिल्या घासाला कळते, तसं. म्हणून बिनअल्कोहोलची बिअर बनवणं साध्या बिअरपेक्षा अवघड आहे आणि पारखणं थोडं सोपं. दोष समोर उभे असतात, फक्त त्यांची नावं माहीत हवीत.

आता ‘जर्मन पद्धत’ म्हणजे काय ते बघू. १५१६ साली बव्हेरियात इंगोल्श्टाट इथे ड्यूक विल्हेल्म चौथा याने नियम घालून दिला, की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही. यीस्टचं, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल तयार करणाऱ्या सूक्ष्म जीवांचं, नाव त्यात नव्हतं; ते नेमकं काय करतात हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. पुढे यीस्ट आलं, गव्हाच्या बिअरला गव्हाच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या गव्हाची, मोकळीक मिळाली, पण मूळ शिस्त तीच राहिली. त्यामुळे तुमच्या तिन्ही बाटल्यांची मागची बाजू वाचा. पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट एवढंच असेल तर ती जर्मन पद्धतीची म्हणायला हरकत नाही. साखर, आम्लता नियंत्रक, लिंबाचा किंवा पुदिन्याचा फ्लेवर असं लिहिलेलं असेल तर ते माल्टचं सरबत आहे. ते वाईट असतं असं नाही, उन्हाळ्यात खपेलही, पण त्याला या फुटपट्टीने मोजू नका आणि गिऱ्हाइकाला बिअर म्हणून देऊ नका.

जर्मनीत ‘अल्कोहोलविरहित’ म्हणजे ०.५ टक्क्यापर्यंत. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही ०.५ टक्क्याहून जास्त असेल तरच ते मद्य धरतात. हे इथवर आणायचे मुख्यतः दोन मार्ग. एक, मद्य तयारच होऊ द्यायचं नाही. माल्टचा उकळलेला गोड रस, ज्याला आम्ही वर्ट म्हणतो, तो शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवून यीस्टला त्यात नुसता फिरवायचा आणि काम वाढायच्या आत बाहेर काढायचा. किंवा सॅकॅरोमायकोडीस लुडविगी नावाचं यीस्ट वापरायचं. ते साधी साखर खातं, पण वर्टमध्ये सगळ्यात जास्त असलेली माल्टोज त्याला खाताच येत नाही. फ्रँकफर्टच्या क्लाउस्टहालरने १९७९ साली आंबवण्यावर ताबा ठेवूनच आपली बिअर आणली आणि जर्मनीत हा प्रकार घरोघरी पोचवला. दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण बिअर बनवायची आणि मग अल्कोहोल काढून घ्यायचं. अल्कोहोल एरवी ७८ अंशांना उकळतं. निर्वातात ते ४०-४५ अंशांतच निघून जातं, त्यामुळे बिअर शिजत नाही. काही ठिकाणी पडद्यातून गाळूनही काढतात, आपल्याकडच्या आरओच्या तत्त्वावर.

तुमच्या पहिल्या बाटलीतला गोड, शिजलेला वास पहिल्या मार्गाचा आहे. त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण निम्म्या बाटल्यांत हाच सापडतो. मोड आणून वाळवलेला सातू (बार्ली) म्हणजे माल्ट. तो भट्टीत वाळताना आणि पुढे वर्ट उकळताना त्यात अल्डिहाइड जातीची द्रव्यं तयार होतात. त्यांतल्या एकाचा, मेथिओनालचा, वास उकडलेल्या बटाट्याचा. इतर काहींचा ओल्या धान्याचा, काकवीचा. साध्या बिअरमध्ये यीस्ट आठवडाभर राबतं आणि ही द्रव्यं मोडून टाकतं. इथे यीस्टला तो वेळ दिलेलाच नसतो. वर साखर उरलेली आणि अल्कोहोल नाही, त्यामुळे उरलेलं अल्डिहाइड नाकाला आणखी जोरात लागतं.

माझे वडील माळकरी होते. एकदा मी अशीच एक ०.० लिहिलेली बाटली घरी नेली होती, माझं काम त्यांना समजावं म्हणून. त्यांनी ग्लास तोंडाला लावला नाही, लावावा असं मी म्हटलंही नाही. नुसता नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, “हा तर कुरडईचा चीक.” त्याआधी दोन वर्षं मी या वासासाठी पॅनेलला देता येईल असा शब्द शोधत होते. इंग्रजी तक्त्यात ‘वर्टी’ असं होतं, पण नव्या माणसाला त्यातून काही कळायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पॅनेलवर तो शब्द ‘चीक’ झाला. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून शिजवायला ठेवला की पातेल्यातून जी गोड, जड वाफ येते, ती ज्याने घेतलीय त्याला हा दोष पुन्हा शिकवावा लागत नाही. घरात सगळ्यांना तुमची पहिली बाटली आवडली याचं कारणही तेच असावं. ओळखीचा, घरचा, गोड वास. पण एक ग्लास पूर्ण प्यायला लावा आणि दुसरा हवा का विचारा. चीकही वाटीभरच बरा वाटतो.

थोडा चीक चालतो, हे मात्र सांगायला हवं. माल्टचा वास आणि चिकाचा वास यात फरक आहे. चांगल्या पिल्सनरमध्ये माल्ट ताज्या पावाच्या कडेसारखं किंवा आगटीतून काढलेल्या हुरड्यासारखं लागतं, कोरडं आणि हलकं. चीक ओला आणि जड. नाकात शिरल्यावर तो खाली बसल्यासारखा वाटतो आणि गिळल्यानंतरही टाळूला चिकटून राहतो. मागे राहिला तर दोष, येऊन गेला तर स्वभाव.

दुसऱ्या मार्गाने केलेल्या बिअरला चिकाचा त्रास कमी. तिची अडचण उलटी: अल्कोहोल काढताना त्याच्याबरोबर वासाचे हलके घटकही निघून जातात आणि मागे पोकळ, पाणचट चव उरते. तुमची दुसरी बाटली पाणचट लागली ती यामुळे असू शकते. पण ‘शिळी’ हा शब्द तुम्ही वापरलात, तो वेगळा. त्याकडे थोड्या वेळाने येते.

चाखायला बसायची वेळ सकाळी दहा ते बाराची ठेवा. नाश्ता होऊन दीड-दोन तास झालेले असावेत. चहा, पान, तंबाखू त्याआधी तासभर नको, अत्तर नको, डोक्याला वासाचं तेल नको. स्वयंपाकघराच्या शेजारी मुळीच बसू नका. तुमच्याकडे सकाळीच येसराचा मसाला भाजायला घेतला असेल तर त्या दिवशी बेत रद्द करा. मध्ये तोंड साफ करायला साधं, थंड नसलेलं पाणी आणि कोरड्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. कंपनीत आम्हाला बिनमिठाचा पाव असायचा. भाकरी त्याहून बरी, तिला स्वतःची गोडी कमी.

ग्लासाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. हॉटेलच्या ग्लासांतून ताक, लस्सी, दूध जातं, आणि स्निग्धपणाचा बारीकसा थरही फेस मारून टाकतो. आमच्याकडे एकदा सहाच्या सहा ग्लासांत फेस मिनिटभरात बसला. सगळ्यांनी बॅचला नापास केलं. मला पटेना, कारण प्रयोगशाळेतले आकडे नीट होते. शेवटी कळलं की नव्या मदतनिसाने ग्लास उपडे ठेवून वाळवायच्या ऐवजी टॉवेलने पुसले होते. त्याची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारी तीच बॅच धुतलेल्या ग्लासांत पास झाली. तेव्हापासून मी मिठाची परीक्षा घ्यायला लागले: ग्लास ओला करून आत बारीक मीठ भुरभुरायचं. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, जिथे चिकटत नाही तिथे तेलकटपणा. बिअरसाठी डझनभर ग्लास वेगळे ठेवा आणि त्यात दुसरं काही देऊ नका. शेवटचा हात बोअरच्या पाण्याचा नको, त्याचे पांढरे डाग बसतात. जारच्या पाण्याने विसळा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावाला पाणी जपून वापरा असं मी सांगायला नको. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने इकडच्या मद्य कारखान्यांचं पाणीही कापलं होतं आणि आमच्या प्रयोगशाळेत ग्लास विसळायचं पाणी मोजून मिळायचं. अर्धा तांब्या पुरतो, तो स्वच्छ असला म्हणजे झालं.

बिअर किती थंड असावी? आपल्याकडे बर्फासारखी थंड द्यायची सवय आहे. प्यायला तशी द्या, पण पारखायला नको. फार थंड असली की जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. पिल्सनर ७-८ अंशांना, गव्हाची ८-१० अंशांना. म्हणजे फ्रीजमधून काढून, साधारण दहा मिनिटं बाहेर ठेवून; मे महिन्यात पाचच मिनिटं. मी तर अर्धा ग्लास मुद्दाम तसाच ठेवून अर्ध्या तासाने कोमट झाल्यावर पुन्हा वास घेते. थंडपणाखाली दडलेला दोष तेव्हा हमखास बोलतो.

ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा, दोन-तीन बोटं फेस येऊ द्या. फेस बारीक आणि दाट हवा, आणि पीत गेल्यावर ग्लासाच्या आतून त्याची जाळी राहायला हवी. बुडबुडे काचेला आतून चिकटून बसले असतील तर ग्लास घाण आहे, बिअरला बोल लावू नका. मग लगेच वास, लहान-लहान दोन-तीन श्वासांत. एकदा दीर्घ ओढला की नाक थकतं. मग चांगला मोठा घोट, आणि तो गिळायचा. वाइनवाले थुंकतात, बिअरवाले थुंकत नाहीत, कारण निम्मी परीक्षा गिळल्यानंतरची असते. गिळून नाकाने श्वास सोडा. घशातून वर जो वास येतो तो खरा.

गुण कशाला द्यायचे? जर्मनीत १८८५ साली स्थापन झालेली जर्मन कृषी सोसायटी बिअरची परीक्षा पाच गोष्टींवर घेते: वास, चवीची शुद्धता, भरदारपणा, रेझेन्झ आणि कडवटपणाचा दर्जा. प्रत्येकाला पाचपैकी गुण. मीही घरी हेच पाच रकाने आखते. पहिले तीन समजायला सोपे आहेत. चौथा जर्मन लोकांचा लाडका शब्द, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. रेझेन्झ म्हणजे गॅसच्या बारीक टोचण्याने, आंबटपणाच्या हलक्या धारेने तोंड ताजंतवानं होणं, पुढचा घोट घ्यावासा वाटणं. उन्हातून आल्यावर माठातल्या पाण्याचा पहिला घोट घेतला की हात आपोआप दुसऱ्यासाठी जातो ना, ते. बिनअल्कोहोलच्या बिअरचं सगळं यश या रकान्यात आहे. भरदारपणा थोडा कमी पडला तरी मी सोडून देते, रेझेन्झ नसेल तर नाही.

कडवटपणा ‘किती’ हे बघायचं नाही, ‘कसा’ हे बघायचं. पाडव्याला आपण कडुलिंबाची पानं गूळ आणि डाळीबरोबर वाटून खातो. नीट वाटलेलं असलं तर कडू चढतं, गूळ त्याला सांभाळतो आणि ते निघून जातं. नुसतं पान चावलं तर जिभेच्या मुळाशी अर्धा तास बसून राहतं. हॉप्सचं तसंच आहे. जर्मनीतल्या हालेरटाऊ किंवा टेटनांगकडचे चांगले हॉप्स असले तर कडवटपणा लवकर वर येतो आणि वीस-तीस सेकंदांत स्वच्छ मावळतो, मागे गवती चहासारखा, सुक्या फुलांसारखा वास ठेवून. खरखरीत, जिभेला ओरबाडणारा, लांबत जाणारा कडवटपणा हा दोष. बिनअल्कोहोलच्या बिअरमध्ये तो जास्त उघडा पडतो, कारण झाकायला अल्कोहोलची गोडी नसते. काही कंपन्या चीक लपवायला हॉप्सचा हात सैल सोडतात, मग एका दोषावर दुसरा बसतो. घड्याळ लावून बघा. गिळल्यापासून सेकंद मोजा.

आता तुमची गढूळ बाटली. तिच्यावर वाइसबिअर किंवा हेफेवाइत्सन असं काहीसं लिहिलेलं असेल. जर्मनीत हिच्यात निम्मं तरी गव्हाचं माल्ट लागतं, आणि ‘हेफे’ म्हणजे यीस्ट. गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि यीस्टचा, तळाचा साका यीस्टचाच. तो मुद्दाम ठेवलेला असतो. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेट नावाच्या घटकाचा, पिकल्या केळ्यातही तेच असतं. त्याच्याबरोबर लवंगेचा हलका वास येतो का बघा. तोही याच जातीच्या यीस्टची खूण. अर्धापूरच्या केळ्याचा घड माचीतून काढल्यावर जसा खोलीभर वास सुटतो तसा भडक नको, केळं आणि लवंग एकमेकांना धरून असावेत. या बिअरला मूळचाच कडवटपणा कमी आणि गॅस जास्त, त्यामुळे अल्कोहोल गेल्याचं नुकसान ती सहज पचवते. गव्हाची प्रथिनं तोंड भरतात, केळं-लवंग चिकाला मागे सारतात. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की तिघींत हीच धड असावी. ओतताना शेवटचं बोटभर बाटलीत ठेवा, बाटली गोल फिरवून साका उचला आणि मग फेसावर सोडा. वेटरलाही हे शिकवा, नाहीतर गिऱ्हाईक तुमच्यासारखंच ती परत पाठवेल.

गढूळपणा खराब कधी? पिल्सनर गढूळ असली, त्यात चिंध्यांसारखं काही तरंगत असलं, झाकण उघडताच उकळून बाहेर आली, किंवा दही नासल्यासारखा आंबट वास आला तर. ती टाका, आणि तो बॅच नंबर पुन्हा घेऊ नका. अल्कोहोल नसल्याने आणि साखर उरल्याने यात जंतू लवकर घर करतात. म्हणून कंपन्या ही बिअर साध्यापेक्षा जास्त तापवून पाश्चराइझ करतात, आणि त्या जास्तीच्या तापवण्यानेही शिजकट चव थोडी वाढते.

आता शिळेपणा. आपल्या मराठवाड्यात बिअरचा सगळ्यात मोठा शत्रू कारखाना नाही, उन्हाळा आहे. एका मे महिन्यात एका वितरकाची तक्रार आली की माल शिळा लागतो. मी त्याच बॅचचा आमच्याकडचा राखीव नमुना काढला, शीतकपाटातला. दोन्ही बाटल्या एकाच तासात भरलेल्या. आमची स्वच्छ होती. त्याची भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी, जुन्या वहीच्या पानासारखी. मी गोडाऊनला गेले. वर पत्रे, दुपारचे तीन, खिडकी नाही. वरच्या थरातल्या खोक्याला हात लावला तर चटका बसला. तापमान १० अंशांनी वाढलं की बिअर शिळी होण्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. २० अंशांत चार महिने जो ताजेपणा टिकला असता तो ४० अंशांत महिन्याभरात संपतो, आणि बाटलीवरची तारीख मात्र तशीच राहते. तुमच्या दुसऱ्या बाटलीचं तेच झालं असावं. डिस्ट्रिब्युटरला तारखेबद्दल विचारू नका, माल कुठे ठेवला होता ते विचारा. शक्य असेल तर स्वतः जाऊन बघा, तेही दुपारी.

आणि हिरव्या बाटलीची काळजी वेगळी. उजेड लागला की हॉप्समधल्या कडू द्रव्यापासून एक गंधकाचं संयुग तयार होतं. सिलिंडर गळला तर कळावं म्हणून गॅसमध्ये जो घाण वास मिसळतात, त्याच्याच कुळातलं. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी फारसा नाही. काचेच्या फ्रीजमध्ये ट्यूबलाइटखाली हिरव्या बाटल्या मांडून ठेवू नका. दिसायला छान दिसतात पण आतून जातात.

हे दोन्ही दोष एकदा स्वतःच्या हाताने तयार करून बघा, यासारखं शिक्षण नाही. एकाच बॅचच्या तीन हिरव्या बाटल्या घ्या. एक फ्रीजमध्ये अंधारात. एक पत्र्याच्या खोलीत जुन्या पोत्यात गुंडाळून तीन आठवडे. एक शेवटच्या दिवशी अंगणात तासभर उन्हात. मग तिन्ही सारख्या थंड करून शेजारी-शेजारी ओता. पुस्तकातून जे कळणार नाही ते पाच मिनिटांत कळतं, आणि कायम लक्षात राहतं.

बाकीचे दोष पटकन सांगते. उकडलेल्या मक्याच्या कणसाचं पाणी: वर्ट नीट उकळलं नाही. लोणी कढवतानाचा वास: पिल्सनरमध्ये दोष. हिरव्या, कच्च्या सफरचंदाचा: यीस्टचं काम अर्धवट, थोडा असेल तर चालतो. तोंडात तांब्याचं नाणं धरल्यासारखं: धातूचा संपर्क किंवा पाणी. हे सगळे कारखान्यातले, तुम्ही काही करू शकत नाही, कंपनी बदलायची.

घरी कोणाची जीभ चांगली आहे ते शोधायला तीन ग्लासांची परीक्षा घ्या. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, खाली चिठ्ठी, आणि विचारायचं की वेगळा कोणता. आवडला कोणता हे विचारायचं नाही. नुसत्या अंदाजाने तीनदा सांगितलं तर एकदा बरोबर येतंच, म्हणून प्रत्येकाची पाच-सहा वेळा घ्या. आमच्या पॅनेलवर सगळ्यात धारदार नाक पॅकिंग विभागातल्या एका बाईंचं निघालं, ज्यांनी आयुष्यात कधी बिअर प्यायली नव्हती. तुमच्या स्वयंपाकीणबाईंना या परीक्षेतून वगळू नका.

गिऱ्हाइकांशी मात्र सरळ बोला. मेन्यूवर ‘बिनअल्कोहोलची’ एवढंच लिहू नका, ०.० की ०.५ पर्यंत ते आकड्यात लिहा. तुमच्याकडे माळकरी येतात, मुस्लिम कुटुंबं येतात, दारू सोडलेली माणसं येतात, गरोदर बाया येतात. ०.५ हा आकडा कायद्याने मद्य नसेल, पण घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि त्यासाठी त्याला तो आकडा दिसायला हवा. दारू सोडलेल्या माणसाला तर बिअरचा नुसता वासही जड जाऊ शकतो. त्याला आग्रह कधीच नको. साखरेचं दुखणं असलेल्यांना सांगा की यात १०० मिलीला साधारण ५ ग्रॅम कर्बोदकं असतात, चिकाच्या मार्गाने केलेलीत बरीचशी माल्टोज, आणि ती रक्तातली साखर वाढवते. तब्येतीला चांगली का, असंही विचारतील. २००९ च्या म्युनिक मॅरेथॉनच्या २७७ धावपटूंवर एक अभ्यास झाला होता. बिनअल्कोहोलची गव्हाची बिअर रोज घेणाऱ्यांना सर्दी-पडशाचा त्रास कमी झाला. त्या अभ्यासाला बिअर कंपनीचाच पैसा होता आणि मंडळी रोज लिटर-दीड लिटर पीत होती, हेही सोबत सांगा. औषध म्हणून विकू नका. विक्रीआधी एकदा उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्या, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको.

जेवणाबरोबर म्हणाल तर तिखटावर पिल्सनर देऊ नका. गॅस आणि कडू मिळून तिखट आणखी पेटवतात. ती थालीपिठाबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, तळलेल्या पापडाबरोबर जाते. तिखट रश्श्याला गव्हाची.

तेव्हा उद्या सकाळी असं करा. तिसरी बाटली आधी उघडा, साका फिरवून, वेगळ्या धुतलेल्या ग्लासात. पहिलीचा अर्धा ग्लास कोमट होईपर्यंत ठेवून चीक मागे राहतो का बघा. आणि दुसरी परत देण्याआधी तिचा बॅच नंबर लिहून घ्या, त्याच बॅचची एक बाटली डिस्ट्रिब्युटरच्या खोक्याच्या सगळ्यात खालच्या थरातून मागवा, जिथे पत्र्याची झळ कमी पोचते. ती ताजी निघाली तर कंपनी चांगली आहे, आणि तुमचं बोलणं गोडाऊनवाल्याशी आहे.